मागच्या सीटखालचा पंप

आमच्या गाडीची मागची सीट पुढच्या सीटपासून एकशे बहात्तर पावलांवर आहे. बाहेरून गाडी तेवढीच आहे, कंपनीतून आली तेवढी. मी टेप लावून पाहिलं आहे. मागच्या सीटवर माझी बायको पद्मजा बसते.

हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. गाडी मी दस्तगीरभाईंकडे नेली ती इंजिनाला पेट्रोलचं प्रेशर कमी येत होतं म्हणून.

मी साखर कारखान्यात वजनकाट्यावर आहे. नाव शीतल मगदूम. ऊस भरलेला ट्रॅक्टर काट्यावर चढतो, मी आकडा वाचतो, ट्रॅक्टर उतरतो. दिवसभर वजनं वाचून माणसाला वजनाचाच विचार करायची सवय लागते. गाडी घेतली तेव्हा ती साधी होती, चार दारांची. मग वेग वाढावा म्हणून मी तिला टर्बो बसवला, मोठे इंजेक्टर टाकले, आणि वजन कमी करायला लागलो. आधी गालिचा काढला. मग छताचं अस्तर. मागची दोन्ही दारं वेल्डिंग करून बंद केली, त्याने बॉडी घट्ट होते. काचांच्या जागी प्लॅस्टिकचे जाड पत्रे बसवले. शेवटी ड्रायव्हरच्या शेजारची सीट काढली. ती चौदा किलोची होती. पद्मजा त्या सीटवर बसायची. सीट काढली त्या सोमवारी ती मागे जाऊन बसली. त्या दिवशी ती माझ्यापासून एका हातावर होती.

पुढच्या महिन्यात चार पावलं झाली. मग मी मोजायला लागलो.

पुढे ब्रेक लावला की मागे ती थोड्या वेळाने झुकते. वळण मी आधी घेतो, ती नंतर घेते. सुरुवातीला तिला त्याचं हसू यायचं, ते मला आरशात दिसायचं. आता आरशात तिचा चेहरा ओळखू येत नाही, फक्त साडीचा रंग कळतो. ती शाळेत शिकवते. पूर्वी मी तिला शाळेच्या फाटकाशी सोडायचो. ती मागून चालत पुढे यायची आणि माझ्या दारातून उतरायची. नंतर तिला उतरेपर्यंत दुसरी घंटा व्हायला लागली, आणि शाळा सुटल्यावर परत मागे पोचेपर्यंत अंधार. जूनमध्ये तिने रजेचा अर्ज दिला. तेव्हापासून ती मागेच असते. डबा मी नेऊन ठेवतो. अगदी तिच्यापर्यंत नाही, वाटेत. पोचेपर्यंत तो गार झालेला असतो, असं तिने एकदा सांगितलं होतं.

गेल्या आठवड्यात चढावर गाडीने दम सोडला. इंजिन गुरगुरलं आणि मग नुसतं फिरत राहिलं. टर्बोच्या गाडीत पेट्रोल कमी पडणं धोक्याचं असतं, पिस्टन वितळतात. म्हणून रविवारी सकाळी मी गाडी घेऊन जयसिंगपूरला गेलो.

दस्तगीरभाईंचं गॅरेज सांगली रस्त्याला आहे. ते एकटेच काम करतात. माणूस साठीचा, बोलणं कमी. त्यांनी बॉनेट उघडलं, रेलवर, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल वाटणाऱ्या नळीवर, प्रेशरचा गेज लावला आणि मला चावी फिरवायला सांगितलं.

"किती पाहिजे?" त्यांनी विचारलं.

"साडेतीन."

"दोन हाय."

त्यांनी फिल्टर काढून फुंकून पाहिला. फिल्टर मोकळा होता. मग टाकीकडे परत जाणारी नळी पकडीने दाबली. पंप चांगला असेल तर नळी दाबल्यावर काटा वर उडतो. काटा थोडा हलला आणि परत दोनवर आला. त्यांनी गुडघे टेकून गाडीखाली पाहिलं, मग उठून माझ्याकडे पाहिलं.

"पेट्रोलची लाइन किती लांब हाय तुमची?"

"एकशे बहात्तर पावलं."

"पावलं कुणाची?"

"माझी."

त्यांनी मान हलवली. "एवढ्या लांबीत थोडं प्रेशर मरणारच. पण दीड मरणार न्हाई. गळत न्हाई म्हणतासा?"

"वास नाही येत."

"मग टाकीतच घोळ हाय. पंप बघायला पाहिजे. पंप कुठं हाय?"

"मागच्या सीटखाली."

दस्तगीरभाई गाडीच्या मागच्या बाजूला गेले. दोनच पावलं टाकावी लागली त्यांना. प्लॅस्टिकच्या काचेवर त्यांनी बोटाच्या पेराने टकटक केलं. पद्मजा आत वह्या तपासत होती. बाहेरून पाहिलं तर ती काचेपासून वीतभर अंतरावर दिसते. मी सहसा बाहेरून पाहायला जात नाही. दुकानात मांडून ठेवल्यासारखं वाटतं, असं ती म्हणते. एकदा मी डावी काच उचकटून आत हात घातला होता. हात बराच वेळ आत जात राहिला, खांद्यापर्यंत गेला, आणि तिच्या जवळपाससुद्धा पोचला नाही. तीही हात पुढे करून बसली होती. मग मी काच परत बसवली.

"वहिनी, जरा उठावं लागंल," दस्तगीरभाई म्हणाले. "सीट उचलायची हाय."

तिने काहीतरी उत्तर दिलं. त्यांनी कान काचेला लावला आणि मग माझ्याकडे वळले.

"म्हणत्यात, ज्यांना पंप बघायचाय त्यांनी येऊन सांगावं."

"तुम्ही याल का आत?" मी विचारलं. "पंपाचं काम तुमचं आहे."

"मी न्हाई येणार," ते म्हणाले. "घरी दोनला जेवायला थांबत्यात माझ्यासाठी. तुम्ही जावा. मी काचेतनं सांगतो काय करायचं ते."

त्यांनी मला दोन पाने, एक पक्कड आणि स्क्रू-ड्रायव्हर दिला. मी ड्रायव्हरच्या सीटवरून मागे वळलो आणि चालायला लागलो.

खाली नुसता पत्रा आहे. पेट्रोलची लाइन मीच आतून घेतली होती, डाव्या कडेने, दर दीड फुटावर क्लिपा मारून. मी तिच्यावरून हात फिरवत चाललो. ती कोरडी होती. छत मला लागत नव्हतं, पण मी वाकूनच चाललो, गाडीत वाकायची सवय असते म्हणून. बाजूच्या काचेतून गॅरेजचं अंगण दिसत होतं. टायरांचा ढीग, पाण्याचं पिंप, लिंबाचं झाड. ते दहा पावलं गेल्यावरही तेच होतं आणि पन्नास पावलं गेल्यावरही तेच.

साठाव्या पावलावर परवाचा डबा होता. उघडलेला नव्हता. मी तो तिथेच ठेवला.

त्याच्या पुढे पत्र्यावर खडूची एक आडवी रेघ दिसली. शेजारी पद्मजाच्या अक्षरात लिहिलं होतं, नऊ ऑगस्ट, इथून परत. फळ्यावर लिहावं तसं, ओळ सरळ ठेवून. मी आतापर्यंत साठ पावलांच्या पुढे कधी आलो नव्हतो, पुढची पावलं तिथून नजरेनेच मोजायचो. आणखी थोडं गेल्यावर दुसरी रेघ आली. दोन जुलै, इथून परत. मग तिसरी, एकवीस जून. म्हणजे दर खेपेला ती आधीपेक्षा जास्त पुढे आली होती. ऑगस्टनंतर रेघ नव्हती.

ऑगस्टमध्ये नऊ तारखेला मी काय करत होतो ते आठवून पाहिलं. त्या आठवड्यात मी टर्बोची हवा थंड करणारा मोठा इंटरकूलर बसवला होता. दिवसभर मी बॉनेटमध्ये डोकं घालून होतो. मला कुणी हाक मारलेली आठवत नाही. मारली असेल तर ती मी घरात गेल्यावर पोचली असेल.

रेघ पुसू नये म्हणून मी पाय उचलून टाकला आणि पुढे गेलो.

पद्मजा सीटच्या उजव्या टोकाला बसली होती. केसांना तेल होतं, वेणी घट्ट होती. मांडीवर वह्यांचा गठ्ठा होता, पाचवीच्या वर्गाचा. तिने लाल पेनाचं टोपण लावलं.

"किती झाली?" तिने विचारलं.

"एकशे चौऱ्याहत्तर."

"परवापासून दोन वाढली."

"हो."

मी उभा राहिलो. बऱ्याच महिन्यांनी मी तिला इतक्या जवळून बघत होतो. तिच्या डाव्या भुवईजवळ एक बारीक व्रण आहे, तो मी विसरलो होतो.

"तुम्ही पंपासाठी आलात," ती म्हणाली.

"हो. प्रेशर दोनवर आहे."

"बरं."

"रेघा बघितल्या मी."

"त्या तुमच्यासाठी नव्हत्या. मला कळावं म्हणून होत्या."

ती उठली. वह्या पिशवीत भरल्या आणि बाजूला झाली. मी सीट उचलून मागे टेकवली. सीटच्या खाली गोल झाकण होतं. त्याचे सहा स्क्रू मी काढले. काचेबाहेर दस्तगीरभाई वाकून बघत होते. त्यांचा आवाज काचेतून घोंगडीतून यावा तसा येत होता.

"रिंग फिरवा. डावीकडं. आता वर उचला, हळू."

पंपाची टोपी वर आली आणि पेट्रोलचा वास पसरला. टाकीत आतमध्ये पंप आणि टोपी यांना जोडणारी एक आखूड रबरी नळी असते. ती टोपीच्या तोंडावरून घसरली होती. क्लिप तुटून टाकीत पडली होती. म्हणजे पंप जोरात चालायचा आणि निम्मं पेट्रोल टाकीतच परत सांडायचा. मी दस्तगीरभाईंना खुणेने दाखवलं.

"बघा की," ते म्हणाले. "पंप चांगला हाय. हात घाला आणि नळी दाबून धरा तोंडावर. मी चावी देतो."

मी बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात टाकीत घातला. पेट्रोल थंड होतं. मी नळी तोंडावर चढवली आणि मूठ आवळली. दस्तगीरभाई पुढे गेले. थोड्या वेळाने पंप थरथरला, माझ्या मुठीत नळी फुगली आणि कडक झाली. मी वाट पाहिली. प्रेशरला पुढे पोचायला वेळ लागतो. मग दस्तगीरभाई काचेशी आले आणि त्यांनी तीन बोटं दाखवली, आणि चौथं अर्धं दुमडून.

"साडेतीन," पद्मजा म्हणाली.

"हो."

"हेच होतं का इतके दिवस?"

"हेच असावं."

"म्हणजे मी ज्याच्यावर बसले होते तेच."

मी मूठ सैल करून पाहिली. नळी लगेच घसरायला लागली. मी परत आवळली.

"क्लिप पाहिजे," मी काचेकडे तोंड करून म्हणालो. "जुनी तुटली."

"हाय माझ्याकडं. पण आत कोण आणणार? तुम्ही हात काढला तर नळी खाली जाईल टाकीत, मग सगळा पंप बाहेर काढावा लागंल. ते काम आजचं न्हाई."

"मी जाते," पद्मजा म्हणाली.

"लांब आहे."

"मला माहीत आहे किती लांब आहे."

तिने पदर खोचला. चपला हातात घेतल्या, पत्र्यावर त्या वाजतात म्हणून. मग वह्यांची पिशवी खांद्याला लावली.

"क्लिप आणायला पिशवी कशाला?" मी विचारलं.

"परत करायच्यात. मुलं थांबलीत."

ती निघाली. मी एक हात टाकीत घालून, गुडघ्यांवर बसून, तिच्या पाठीकडे बघत राहिलो. ती वाकून चालत नव्हती. तिने आपल्या रेघा एकामागून एक ओलांडल्या. कुठेही थांबली नाही. डब्यापाशी मात्र वाकली, डबा उचलला, हलवून पाहिला आणि पिशवीत टाकला. त्यानंतर ती हिरवा रंग झाली, आणि मग त्या हिरव्या रंगाचा एक लहान ठिपका.

माझा हात आधी दुखत होता. मग दुखायचा थांबला. बोटं आहेत की नाहीत ते कळेना म्हणून मी वाकून पाहिलं. पेट्रोलमधून ती फिकट दिसत होती, मिटलेली होती. नळी जागेवर होती.

बऱ्याच वेळाने दस्तगीरभाई काचेशी आले. ते चिंधीने हात पुसत होते.

"वहिनी पोचल्या," ते म्हणाले. "क्लिप दिली त्यांच्याकडं. पण एक सांगतो. उभ्या गाडीत दिसतं ते प्रेशर खरं नसतं. गाडी लोडवर घेऊन बघायला पाहिजे. क्लिप लावायच्या आधीच बघू, म्हंजे कळंल दुसरीकडं कुठं मरतंय का. गेज मी पुढच्या काचेवर चिकटवलाय, चालवताना दिसंल असा."

"कोण चालवणार?"

"वहिनी बसल्यात. दुसरी सीट कुठं हाय पुढं?"

"तिला गाडी येते?"

दस्तगीरभाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला ठावं न्हाई? म्हणाल्या, लग्नाआधी बापाची जीप घेऊन टोमॅटो पोचवायच्या मिरजेला. सात वर्षं."

मला ठाऊक नव्हतं. तिचे वडील टोमॅटो करायचे हे ठाऊक होतं. माल कोण पोचवतं हे मी कधी विचारलं नव्हतं.

"तिला सांगा, अंगणातच फिरवायची," मी म्हणालो.

"अंगणात लोड कसा येणार? हायवेला घ्यायला पाहिजे. पुलापर्यंत तरी." त्यांनी काचेवर तळहात टेकवला. "तुम्ही फकस्त हात काढू नका. उसाच्या गाड्या चालू झाल्यात, मागनं दोन-दोन ट्रॉल्या येत्यात. पुलावर पेट्रोल तुटलं तर वहिनी तिथंच उभ्या राहतील. कडेला घ्यायला जागा न्हाई तिथं."

"हाताला काही कळत नाही आता."

"कळायला कशाला पाहिजे? मूठ आवळलेली असली म्हंजे झालं."

इंजिन सुरू झालं ते मला आधी पुढच्या काचेच्या थरथरण्यावरून दिसलं. आवाज नंतर आला, पत्र्यावरून, पायाच्या बोटांतून. चांगला भरीव आवाज होता. इतका चांगला तो कधी लागला नव्हता. मुठीतली नळी घट्ट झाली असावी. मी दुसऱ्या हाताने मनगट धरून ठेवलं.

मग पुढची काच हलली. इतक्या लांबून ती पोस्टाच्या तिकिटाएवढी दिसते, पण तिच्यातलं सगळं नीट दिसतं. गॅरेजचं फाटक आलं आणि गेलं. रस्ता आला. एक ट्रॉली समोरून गेली. पद्मजाने डावीकडे वळण घेतलं, न अडखळता, आणि गिअर बदलला. इंजिनाचा सूर खाली आला आणि परत चढला. तिने ते माझ्यापेक्षा चांगलं केलं. मी ओरडून तिला गेजवरचा आकडा विचारला. मग लक्षात आलं की प्रश्न पोचायला वेळ लागेल आणि उत्तर यायला तितकाच. मी पुन्हा विचारलं नाही.

तिकिटाएवढ्या काचेत अंकलीच्या पुलाचे कठडे दिसायला लागले. खाली नदीचं पाणी चमकत होतं.

माझ्या शेजारच्या काचेत लिंबाचं झाड होतं. टायरांचा ढीग होता. दस्तगीरभाई पिंपातल्या पाण्याने साबण लावून हात धूत होते. त्यांनी घड्याळात पाहिलं.

"निघाली का?" मी काचेतून विचारलं.

"निघाल्या की," ते म्हणाले. "मघाच. पुलावर असतील आता."

"मी इथेच आहे."

त्यांनी हात झटकले आणि गाडीच्या चाकाकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. "तुमच्याकडं यायला वेळ लागंल," ते म्हणाले, आणि जेवायला जाण्यासाठी शर्टाची बटणं लावायला लागले.

मी डाव्या कडेच्या लाइनकडे पाहिलं. ती आधी क्लिपांच्या मधे थोडी झोलत असायची. आता पहिल्या क्लिपपासून तिचा झोल जात होता. पुढून मागे, एकामागून एक, क्लिपा सुटत येत होत्या आणि लाइन सरळ होत होती. शेवटची क्लिप माझ्या गुडघ्याशी सुटली. टाकीतल्या टोपीला झटका बसला. मी खाली वाकून पाहिलं. नळी माझ्या मुठीतून ताणली जात होती, बारीक होत होती, आणि मूठ तशीच आवळलेली होती.